अडीच पळांचा ओटीपी

आमच्या गावात वेळेचं सगळ्यात बारीक माप म्हणजे 'येऊन रायलो'. त्याच्या वर 'तंबाखू मळेपर्यंत'. आणि कोणी 'पाच मिनिटं' म्हटलं, की समोरच्यानं जेवून घ्यावं.

अशा गावात माझ्या अनुदानाच्या केवायसीला ओटीपी आला. मुदत, साठ सेकंद.

ऑनलाइनचं दुकान बसस्टँडवर आणि माझ्या मोबाइलची रेंज मारुतीच्या पारावर. मधे दोनशे पावलं, एक उघडी नाली आणि कापसानं भरलेली एक बंडी, जी आडवीच उभी असते. ठरलं असं, की दुकानातल्या पोरानं बटण दाबलं की दुपट्टा हलवायचा, मी पारावर मेसेज पाहायचा आणि दुकानाकडे सुटायचं.

दुपट्टा हलला. मेसेज आला. चष्मा घरी होता.

पारावर आबाजी बसले होते. वय पंच्याऐंशीच्या घरात. "कितीक वेळ असते रे त्याले?" "साठ सेकंद." "म्हंजे अडीच पळं," आबाजी शांतपणे म्हणाले. त्यांनी लहानपणी लग्नात घटिकापात्र पाहिलेलं. पाण्यानं भरलेलं घंगाळ, त्यात तरंगणारी तांब्याची वाटी, वाटीच्या बुडाला बारीक भोक. वाटी भरून बुडाली की घटका भरली. चोवीस मिनिटांची एक घटका, घटकेची साठ पळं, चोवीस सेकंदांचं एक पळ. वाटी बुडेपर्यंत जोशीबुवा तिच्यावरून नजर काढत नसत. आता पत्रिकेत '11 वाजून 37 मिनिटे' छापतात आणि नवरदेव दोनपर्यंत डीजेपुढेच असतो.

"काका, पया पया!" पोरगा दुकानातून ओरडला. आमच्याकडे 'ळ'चा 'य' होतो. त्यामुळे तो मला पळायला सांगत होता की उरलेली पळं मोजत होता, हे आजही सांगता येणार नाही.

पळालो. पळाच्या खाली आपल्याकडे प्राणही आहे. सूर्यसिद्धान्ताच्या हिशेबानं सहा प्राणांचं एक पळ, म्हणजे चार सेकंदांत निरोगी माणसाचा एक श्वास. साठ सेकंदांत पंधरा. माझे पंधरा बंडीजवळच संपले. नालीवरून उडी मारताना जे गेले ते वेगळे. दुकानात पोचलो तर पडद्यावर लाल अक्षरात 'मुदत संपली'.

दुसऱ्या वेळी अक्कल लढवली. मी पारावर, पुतण्या बंडीवर, चहाच्या टपरीवाला मधे. आकडा तोंडातोंडी पोचवायचा. मी 'सहा' म्हणालो, पुतण्यानं 'सहा'च म्हटलं, टपरीवाल्यानं 'दहा' केलं. पोरानं एकही घातला आणि शून्यही. सहा आकडी ओटीपी सात आकडी झाला.

या साठाचं खूळ बाबिलोनच्या लोकांपासूनचं आहे म्हणतात. तासाचे साठ भाग ही पहिली बारीक वाटणी, ते मिनिट. त्याचे पुन्हा साठ ही दुसरी वाटणी, म्हणून नावच सेकंद, म्हणजे दुसरा. आमच्या शेताचंही असंच झालं. दुसऱ्या वाटणीनंतर औत फिरवायला जागा उरली नाही. शास्त्रज्ञ मात्र तिथंही थांबले नाहीत. 1967 पासून सेकंद म्हणजे सिझियम अणूशी बांधलेली 9,19,26,31,770 कंपनं. एवढ्यात ते अणू काय काय करून मोकळे होतात, आणि मला दोनशे पावलं जमू नयेत!

तिसऱ्या वेळी चष्मा होता, बंडी हलली होती, धावही चांगली झाली. चार आकडे टाकून झाले आणि लाइट गेली.

लाइट आली तेव्हा पडद्यावर नवीन मजकूर होता. पोरगा वाचून म्हणाला, "काका, तीनदा झालं. आता चोवीस तासानं ट्राय करा लागते."

पारावर परत आलो. आबाजींनी सरकून जागा दिली.

"चोवीस तास म्हंजे साठ घटका. मंग काहून पयतं? बस. तंबाखू हाय काय जवळ?"