उन्हाळ्यात फांदी देऊ नये म्हणे!

ऊन तापायला लागलं की तो मेसेज न चुकता येतो. "उन्हाळ्यात बाग वाचवायची असेल तर हे वाचाच" असं काहीतरी वर लिहिलेलं असतं आणि खाली सहा नियम. दुपारी पाणी घालू नका, थेंब भिंगासारखे काम करून पानं जाळतात. झाडानं मान टाकली की लगेच भरपूर पाणी द्या. फुलं हवीत तर उन्हात खत वाढवा. उन्हाळ्यात फांद्या लावू नका, कुणाला देऊही नका, एक जगत नाही. दिलीच तर दालचिनी आणि मध लावून, पिशवी बांधून उन्हात ठेवा. आणि शेवटचा, सगळ्यांचा लाडका नियम, चोरून आणलेलं रोपच जगतं, मागून आणलेलं मरतं.

यावर्षी चार जणांनी पाठवला, त्यातल्या दोघांना मी फांद्या द्यायचं कबूल केलं होतं आणि आता ते नको म्हणतायत, म्हणून हे लिहायला बसले.

भिंगाचंच आधी घेऊ, कारण ते ऐकायला एकदम सायन्स वाटतं. हे कुणीतरी खरंच तपासून बघितलंय. हंगेरीतल्या संशोधकांनी पानांवर काचेच्या गोळ्या ठेवल्या, पाण्याचे थेंब ठेवले आणि उन्हात सोडून दिलं, २०१० मध्ये 'न्यू फायटॉलॉजिस्ट' या जर्नलमध्ये ते छापून आलं. काचेच्या गोळ्यांनी पान भाजलं. पाण्याच्या थेंबांनी मेपलचं नाही भाजलं, गिंकोचंही नाही. कारण थेंब पानावर चपटा होऊन चिकटून बसतो आणि त्यातून वाकलेले किरण एकत्र येतात ते पानाच्या खाली कुठेतरी, पानावर नाही. अपवाद सापडला तो सॅल्व्हिनियाचा, म्हणजे तो पाण्यावर तरंगणारा नेचा, त्याच्या पानावरची लव थेंबाला वर उचलून धरते त्यामुळे तिथे डाग पडले. आता तुमच्या मोगऱ्याच्या किंवा जास्वंदीच्या पानावर अशी लव आहे का, बघा एकदा हात लावून.

मग दुपारी पाणी घातल्यावर पानं भाजलेली दिसतात ती कशानं? बरेचदा पाइपनं! पाइप सकाळपासून उन्हात पडलेला असतो, त्यातलं पहिलं पाणी चक्क हात पोळेल इतकं गरम असतं आणि आपण नळ सोडला की ते थेट झाडावर. आधी ते बादलीत सोडा, गार पाणी यायला लागलं की मग झाडाकडे वळा. दुसरं कारण म्हणजे क्षाराचं पाणी, ते वाळलं की पांढरे डाग राहतात आणि कडा करपतात. आणि तिसरं, सावलीतलं रोप अचानक कडक उन्हात आणून ठेवलं की पानं पांढरट पडून जळतात, त्याला थेंबाचा काही संबंध नाही. सकाळी पाणी घालणं चांगलंच, पण ते मुळांना दिवसभर पुरावं आणि कमी वाफ व्हावी म्हणून. कुंडी दुपारी एक वाजता खडखडीत कोरडी सापडली तर त्या मेसेजला घाबरून संध्याकाळपर्यंत थांबू नका, घाला पाणी.

उलट कोरड्या उन्हाळ्यात पानं धुवायलाच हवीत असं माझं मत. लाल कोळी नावाची कीड असते, दिसते जेमतेम टाचणीच्या टोकाएवढी, ती गरम आणि कोरड्या हवेत भराभर वाढते आणि पानांच्या खालच्या बाजूला बसून रस पिते, वरून पान धूळ बसल्यासारखं ठिपकेदार दिसतं. सकाळी पानांच्या खालून पाण्याचा फवारा मारला तर बऱ्याचशा निघून जातात.

आता मान टाकण्याचं. या एका नियमानं जितकी सदाफुली मारली असेल तितकी उन्हानं नसेल मारली. दुपारी जास्वंदीची पानं लोंबतात ती नेहमी मातीत पाणी नाही म्हणून नाही, पानांतून वाफ होऊन जाणारं पाणी मुळांनी ओढलेल्या पाण्यापेक्षा जास्त होतं म्हणून. ऊन उतरलं की झाड आपोआप सरळ होतं. बघायचं ते सकाळी. सकाळी सहा-सातलाही मान खाली असेल तर प्रॉब्लेम आहे, आणि तेव्हाही आधी मातीत बोट घाला, दोन पेरं खोल. कोरडं लागलं तर तहान. ओलं लागलं आणि तरी झाड लोळलंय तर मुळं कुजलीयत, ती पाणी ओढूच शकत नाहीत, आणि तुम्ही वरून अजून ओतताय. दोन्ही दुखणी वरून अगदी सारखी दिसतात हीच तर गोची आहे. शेतकऱ्यांचा एक फार सुंदर शब्द आहे, वाफसा, म्हणजे मातीत ओलही आहे आणि हवाही. कुंडीतही तोच हवा. एकदाच पण तळातून पाणी येईपर्यंत द्यायचं आणि मग वरची माती सुकू द्यायची, रोज दोनदा वरवर शिंपडलं तर मुळं वरच राहतात आणि वरच तर सगळ्यात जास्त तापतं. काळ्या प्लास्टिकच्या कुंडीला हात लावून बघा दुपारी. तिला बाहेरून गोणपाट गुंडाळा किंवा दुसऱ्या कुंडीत ठेवा, मातीवर वाळक्या पानांचा दोन-तीन बोटं थर द्या, याचा उपयोग त्या दुसऱ्या वेळच्या पाण्यापेक्षा नक्की जास्त.

खताचं थोडक्यात सांगते. कोरड्या मातीत खत टाकलं तर त्यातले क्षार मुळांतलंच पाणी बाहेर ओढतात. आणि नत्र जास्त झालं की कॉसमॉस, झिनिया ढीगभर पानं काढतात, फुलं मोजून दोन. बोगनवेल तर पाण्याचा थोडा ताण दिला की बहरते, तिला लाडावलं की नुसती हिरवीगार काटेरी वेल. (ते रंगीत म्हणजे तिची फुलं नव्हेतच, फुलाभोवतीची पानं आहेत ती, खरं फूल आत बारीकसं पांढरं असतं.)

आता मुख्य मुद्दा, ज्याच्यासाठी हे सगळं. "उन्हाळ्यात फांदी जगत नाही."

कुठली फांदी? कारण ऑफिस टाइम (म्हणजे पोर्तुलाका), चाफा (चिकाचा, सोनचाफा नव्हे), अडेनियम (ते जाड बुडाचं 'डेझर्ट रोज'), मोगरा या सगळ्यांना एकाच नियमात कोंबलंय इथे. ऑफिस टाइम मूळचं दक्षिण अमेरिकेतलं, पानं जाड, रसाळ, आणि पाण्याचा ताण पडला की हे झाड काही प्रमाणात रात्री पानांवरची रंध्रं, म्हणजे बारीक छिद्रं, उघडून कार्बन डायऑक्साइड घ्यायला लागतं म्हणजे दिवसा पाणी कमी उडतं. त्याचं दोन इंचाचं टोक तोडा, खालची पानं काढा, जेमतेम ओल्या मातीत खोचा, साधारण आठ-दहा दिवसांत जीव धरतं. हे वाटायला उन्हाळ्यासारखा सीझन नाही. चाफ्याची फूटभर काडी उन्हाळ्यातच काढावी, पानं छाटून सावलीत आठवडा दोन आठवडे नुसती पडू द्यावी, कापलेल्या तोंडाचा चीक सुकून खपली धरली की मग लावावी. ताजी ओली लावली तर सडते. अडेनियमचंही तसंच. म्हणजे ज्याला लोक "वाळून गेली" म्हणून टाकतात ती खरी तयार काडी असते!

मोगरा, मधुमालती, बोगनवेल यांची गोष्ट वेगळी, यांच्या मऊ फांद्या कोरड्या हवेत खरंच पटकन सुकतात, तेवढ्यापुरता मेसेज बरोबर आहे हे मान्य. पण त्यावर उपाय "देऊ नका" हा नाहीये. मोगऱ्याचं दाब कलम करा. लांब लवचिक फांदी खाली वाकवायची, मधल्या डोळ्याजवळ साल जरा खरवडायची आणि शेजारच्या छोट्या कुंडीतल्या मातीत दाबून वर दगड ठेवायचा, टोक बाहेर. फांदी आईला जोडलेलीच असते त्यामुळे पाणी मिळत राहतं, ऊन कितीही असू दे. माती ओलसर ठेवली की दीड-दोन महिन्यांत मुळं फुटतात, मग कापून तयार रोपच द्यायचं. आणि कापूनच द्यायची असेल तर भल्या सकाळी कापा, तेव्हा फांदी पाण्यानं भरलेली असते, कळ्या-फुलं काढून टाका, मोठी पानं अर्धी करा, ओल्या कागदात गुंडाळा. दुपारी चार वाजता कापून बंद गाडीत ठेवायची आणि रात्री आठला लावायची आणि मग म्हणायचं उन्हाळ्यात जगत नाही, हे काय बरोबर नाही.

दालचिनी बुरशीला थोडाफार आळा घालते, मध जंतूंना. मुळं फुटण्याचं काम ऑक्सिन नावाच्या संप्रेरकाचं, आणि रूटिंग पावडरीत सहसा त्यातलंच आयबीए असतं, १९३५ च्या आसपासपासून हे माहीत आहे. दालचिनी-मधाला त्याची जागा घेता येत नाही. आणि ऑफिस टाइम, सदाफुलीला पावडरही लागत नाही.

पिशवी बांधून उन्हात ठेवा हे ज्यानं लिहिलंय त्यानं स्वतः केलेलं नाही हे मी छातीठोकपणे सांगते, कारण मी केलंय. सहा जास्वंदीच्या काड्या, झकास पारदर्शक पिशवी, आणि कठड्यावर ठेवून मी कामाला गेले. संध्याकाळी आत पालकाची भाजी शिजल्यासारखं झालं होतं. पिशवी बरोबर, ओल टिकते, पण जागा उजेडाची आणि सावलीची हवी, थेट ऊन अजिबात नको.

चोरलेलं रोप जगतं याचं मला भारी हसू येतं, पण त्यात एक गंमत आहे. चोरणारा काय तोडतो? घाईत हाताला लागेल ते कोवळं टोक, तेही सहज लागणाऱ्या झाडाचं, आणि पकडले जायच्या आत घरी जाऊन लगेच लावतो. मागून घेणारा मस्त गप्पा मारतो, चहा पितो, फांदी पिशवीत तीन तास पडलेली. फरक तेवढाच. आणि चोरणाऱ्याच्या मेलेल्या फांद्यांबद्दल तो कुणाला सांगेल का?

मागून घेण्याचे फायदे बघा की. रंग कुठला हे कळतं. कण्हेर आणि अडेनियम विषारी आहेत, घरात लहान मूल किंवा कुत्रं असेल तर सांभाळा, हे देणारा सांगतो. बी घेताय की फांदी हेही कळतं, ते फार महत्त्वाचं, कारण फांदीतून तेच झाड येतं, बीचा भरवसा नाही. गुलबक्षीच्या लाल आणि पांढऱ्याचा संकर केला तर गुलाबी फुलं आली हे कार्ल कोरेन्स या जर्मन शास्त्रज्ञानं दाखवलंय, त्यामुळे माझ्या गुलाबी गुलबक्षीचं बी नेऊन तुमच्याकडे पांढरी उगवली तर मी फसवलं असं समजू नका. फक्त आलेलं कुठलंही रोप दोन आठवडे बाकीच्यांपासून लांब ठेवा, पिठ्या ढेकूण पानांच्या बेचक्यात लपून येतो.

माझा गडद गुलाबी अडेनियम दोन वर्षांपूर्वी सडला, पाणी मीच जास्त घातलं होतं. त्याआधी एका मैत्रिणीला त्याची काडी दिलेली, ऐन उन्हाळ्यात, ती तिनं वाढवली आणि त्याचीच एक काडी मला परत दिली. काडीची झाडं बीच्या रोपासारखा गड्डा धरत नाहीत त्यामुळे बूड अगदीच किडकिडीत आहे, फूल मात्र तेच.