आधी विचारा, अर्ज कोणाचा?

शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर अधूनमधून तोच वाद पेटतो. जिल्हा परिषदेच्या शाळेत सरस्वतीपूजन हवं की नको, शाळेचं मैदान अमुक संघटनेला द्यावं की नाही. एका बाजूला संस्कार, दुसऱ्या बाजूला सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धर्मशिक्षण नको म्हणणारं संविधानाचं कलम 28. इथे सॉल्ट लेक सिटीत बसून वाचताना मला वाटतं, अरे, हे मुलांनी मागितलंय का, ते तरी कुणी विचारा!

अमेरिकेतल्या सरकारी हायस्कुलांमध्ये सुरुवात तिथूनच होते. 1984 च्या इक्वल ॲक्सेस ॲक्टनुसार अभ्यासक्रमाबाहेरचा एक जरी क्लब शाळेने भरू दिला, मग तो बुद्धिबळाचा का असेना, की दुसरा क्लब धार्मिक किंवा राजकीय आहे म्हणून नाकारता येत नाही. मात्र तो मुलांनी स्वतः सुरू केलेला हवा आणि तासांच्या वेळेबाहेर भरायला हवा. बाहेरच्यांनी तो चालवायचा नाही, नेमाने येऊन बसायचंही नाही. धार्मिक क्लबात शिक्षक फक्त हजर राहणार. 1990 मध्ये ओमाहाच्या एका विद्यार्थिनीच्या ख्रिस्ती क्लबावरून खटला सुप्रीम कोर्टात गेला. शाळेत स्कूबा डायव्हिंगचा क्लब आधीच होता, म्हटल्यावर शाळा हरली.

खरी गंमत पुढे आहे. बायबल वाचणाऱ्या मुलांसाठी झटून आणलेला हा कायदा 1996 मध्ये आमच्या ईस्ट हायस्कूलच्या मुलांनी गे-स्ट्रेट अलायन्ससाठी, म्हणजे समलिंगी मुलं आणि त्यांच्या मित्रमैत्रिणींच्या क्लबासाठी, पुढे केला. शहरातल्या शाळा चालवणाऱ्या बोर्डाला तो क्लब नको होता, पण एकट्याला नाकारायची सोय नव्हती. मग अभ्यासाबाहेरचे सगळेच क्लब बंद! मुलं वर्ग सोडून रस्त्यावर उतरली, कोर्टकचेऱ्या झाल्या, 2000 मध्ये बोर्डाने माघार घेतली. मला हा नियम आवडतो तो यासाठीच: नावडत्याला हाकलायचं तर लाडक्यालाही घराबाहेर काढावं लागतं.

आमच्या युटा राज्यात क्लबासाठी पालकांची सही लागते. बाप म्हणून मला ते सोयीचं आहे, पण पटत नाही. ज्या मुलाला घरी बोलता येत नाही, त्यालाच तर अशा क्लबाची गरज असते.

आपल्याकडे हरित सेना, स्काउट, आरएसपी (रस्ता सुरक्षा दल), सगळं वरून येतं. 'सर, आम्हाला अमुक मंडळ काढायचंय' असा अर्ज घेऊन मुख्याध्यापकांसमोर उभं राहण्याची कल्पनाही आम्हाला शाळेत सुचली नसती.

ग्रुपवर हे लिहिल्यावर एक मित्र, स्वतः शिक्षक, म्हणाला, "मुलांच्या नावाने मोठेच अर्ज करतील." करतीलच. इथेही मुलांमागे चर्च उभी असतात. पण क्लब कोण चालवतंय हे विचारायचा अधिकार शाळेला असतो. मैदानाच्या वादात तो प्रश्न कुणी मुख्याध्यापक करू धजेल का?

त्याची दुसरी अडचण जास्त खरी होती: दोन पाळ्यांत भरणाऱ्या शाळेत रिकामा वर्ग आणायचा कुठून?