‘फॉरमॅट मारा’ सांगणाऱ्या संदेशाबद्दल

मे २०२५ मध्ये भारत-पाकिस्तान संघर्ष पेटला असताना व्हॉट्सॲपवर फिरलेला एक संदेश अजून मेलेला नाही. ‘डान्स ऑफ द हिलरी’ नावाची चित्रफीत पाकिस्तानातून पाठवली जात आहे आणि ती उघडताच मोबाईल फॉरमॅट होतो, म्हणजे त्यातले सगळे पुसले जाते, शिवाय सायबर हल्ल्यामुळे दोन-तीन दिवस एटीएम बंद राहणार आहेत, असा त्याचा गाभा होता. पुढे त्याला शेपट्या फुटत गेल्या. माझ्या मावसबहिणीपर्यंत तो पोहोचला तेव्हा त्यात आणखी दोन गोष्टी होत्या. एक, सरकारी यंत्रणांवर लाखो हल्ले झाले असून सरकार झोपले आहे. दुसरी, कार्यालयातल्या संगणकावर काही संशयास्पद दिसले तर ताबडतोब फॉरमॅट मारा, कोणाला कळवू नका, नाहीतर चौकशीत तुम्हीच अडकाल. ताई एका नगरपरिषदेत घरपट्टीच्या टेबलावर लिपिक आहे. तिच्या विभागात या सल्ल्याची अक्षरशः अंमलबजावणी झाली, म्हणून हे लिहावे लागत आहे.

एटीएमचा विषय दोन ओळींत संपतो. केंद्राच्या पत्र सूचना कार्यालयाने त्याच आठवड्यात तो दावा खोटा असल्याचे जाहीर केले आणि एटीएम चालू राहिली. हिलरीची अफवाही नवी नाही. त्याआधी अनेक वर्षे तीच अफवा पोपच्या नृत्याच्या नावाने फिरत होती, ‘बीबीसी रेडिओने सांगितले आहे’ या पुस्तीसह. एवढे मात्र मान्य करायला हवे की अनोळखी फाइल उघडू नये हा भाग खरा आहे. लग्नपत्रिका किंवा वाहतूक दंडाची पावती म्हणून पाठवलेली एपीके फाइल, म्हणजे ॲप बसवणारी फाइल, मोबाईलवर बसवून घेतलेल्या लोकांची बँक खाती रिकामी झालेली आहेत. पण तो धोका फाइल बसवून तिला परवानग्या दिल्यामुळे येतो, कोणाचा नाच पाहिल्यामुळे नव्हे.

लाखो हल्ल्यांचा आकडा हवेतला नाही, हे नाइलाजाने कबूल करतो. महाराष्ट्र सायबर या राज्याच्या सायबर गुन्हे विभागाने मे २०२५ मध्येच सांगितले होते की सुमारे १५ लाख हल्ले नोंदवले गेले आणि त्यांपैकी १५० यशस्वी झाले. कुळगाव-बदलापूर नगरपरिषदेच्या संकेतस्थळाचे मुखपृष्ठ बदलले गेले, तेही याच काळात. परंतु संदेश पहिला आकडा सांगतो आणि दुसरा गाळतो. दाराची कडी वाजवून पाहणाऱ्या प्रत्येकाला ‘हल्ला’ म्हणून मोजले की आकडा फुगतो. घरात किती जण शिरले आणि त्यांनी कशाला हात लावला, हे धोक्याचे मूल्यमापन करणाऱ्याला आधी पाहावे लागते.

आता फॉरमॅटकडे येतो. मोबाईल फॉरमॅट होईल म्हणून घाबरवणारा हा संदेश चार ओळींनंतर संगणक स्वतःच्या हाताने फॉरमॅट करायला सांगतो, आणि तो पुढे पाठवणाऱ्या एकाही माणसाला ही विसंगती खटकत नाही! ताईच्या कार्यालयात सोमवारी सकाळी थकबाकीच्या याद्यांची नावे बदललेली आणि उघडत नसलेली आढळली, डेस्कटॉपवर पैसे मागणारी एक चिठ्ठी होती. ऑपरेटर मुलाने संदेश वाचलेला होता. जेवणाच्या सुट्टीपर्यंत नवी विंडोज बसवून तो मोकळा झाला. हल्लेखोर कोणत्या वाटेने आला, किती दिवस आत होता, शेजारच्या यंत्रांत शिरला का, हे सांगू शकणाऱ्या नोंदी त्या डिस्कवर होत्या आणि मेमरीत काय होते ते तर यंत्र बंद करतानाच गेले. वाट उघडीच राहिली असेल, तर धुऊन पुसून त्याच नेटवर्कला परत जोडलेले यंत्र पुन्हा हल्लेखोराच्या हाती सापडायला वेळ लागत नाही. अशा वेळी नेटवर्कची वायर काढायची, वायफाय बंद करायचे, यंत्र चालूच ठेवायचे, पडद्याचा फोटो घ्यायचा आणि हात मागे घ्यायचा.

‘कळवू नका’ हे तर सरळ नियमाविरुद्ध आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७०ब खाली सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेले निर्देश सरकारी संस्थांनाही लागू आहेत. त्यांनुसार अशी घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत सर्ट-इनला कळवायची असते, नोंदी १८० दिवस जपायच्या असतात आणि सगळ्या यंत्रांची घड्याळे एकमेकांशी जुळलेली असावी लागतात, कारण एका यंत्रात दहा वाजले आणि दुसऱ्यात सव्वादहा, तर आधी काय घडले हेच ठरवता येत नाही. चौकशीत माणूस अडकतो तो कळवल्यामुळे नव्हे, पुरावा पुसल्यामुळे.

दिल्लीच्या एम्स रुग्णालयावर २३ नोव्हेंबर २०२२ रोजी सायबर हल्ला झाला तेव्हा काय घडले, हे सरकारने नंतर संसदेत सांगितले. पाच सर्व्हर बाधित झाले आणि सुमारे १.३ टेराबाइट माहिती कुलूपबंद, म्हणजे उघडता येईनाशी झाली. नेटवर्कचे नीट विभाजन, म्हणजे एका भागात शिरलेल्याला दुसऱ्यात जाता येऊ नये अशी सोय, केलेले नव्हते, हेही सरकारने मान्य केले, तेव्हा ‘झोपले होते’ म्हणणाऱ्यांना तेवढे श्रेय द्यायला माझी हरकत नाही. मात्र ई-हॉस्पिटल या रुग्णनोंदींच्या संगणकप्रणालीची माहिती परत मिळाली ती हल्ला न पोहोचलेल्या बॅकअप सर्व्हरवरून. तरीही नोंदणी, दाखल करणे, घरी सोडणे ही बहुतेक कामे सुरळीत व्हायला दोन आठवडे लागले. कारण नेमके काय झाले हे तपासल्याशिवाय काहीही पुन्हा जोडता येत नाही.

ताईच्या कार्यालयातही बॅकअप होता. मार्चअखेरीची संपूर्ण थकबाकी एका पेन ड्राइव्हवर घेतलेली होती आणि तो पेन ड्राइव्ह त्याच संगणकाला मागच्या बाजूने कायमचा लावून ठेवलेला होता. त्यातल्या फाइलींची नावेही बदललेली निघाली.

रात्री तिने फोन करून विचारले, “अरे, आता सहा तास उलटून गेले, कळवून काय उपयोग? आणि लिहू तरी काय?” मी म्हटले, ताई, उशीर झाला तरी कळव. फाइली कधी दिसल्या ती वेळ लिही, पडद्यावरची चिठ्ठी आठवते तशी लिही, पेन ड्राइव्ह पाकिटात घालून वर तारीख टाक आणि कोणालाही कोणत्याही यंत्राला लावू देऊ नकोस. आणि डिस्क फॉरमॅट केली आहे, किती वाजता आणि कोणाच्या सांगण्यावरून, हे पहिल्याच परिच्छेदात लिही.