धरणात यॉट ठेवायचीय? या, सांगतो

मागच्या गुरुवारी सकाळी सहाला यॉटवाल्या साहेबांचा फोन. “अरे, बोट आडवी झालीय, ट्रॅक्टर घेऊन ये ना जरा.” मे महिन्यात पवना धरणात चाळीस फुटी यॉट आडवी नाही होणार तर काय उभी राहून नाचणार? असो. या साहेबांचं बघून आता अजून चारजण घेतील, म्हणून आधीच सांगून ठेवतो.

आणायची तर दिवाळीच्या सुमारास आणा. धरण भरलेलं असतं, मागे तुंग, इकडे तिकोना, फोटो झकास. मे महिना येतो हे विसरून जायचं.

रस्त्याचं टेन्शन नको, कामशेत-पवनानगर रस्ता तुमचाच आहे. बोट तेरा फूट रुंद, ट्रेलरवर चढली की दोन मजली घर, मग लायनमनला गाठायचं, शटडाऊन घ्यायचा, तारा उतरवायच्या, आंब्याच्या चार फांद्या छाटायच्या. आमची साडेपाच तास लाइट गेली तर गेली, आम्हाला कुठे मीटिंगा असतात.

हायड्रा क्रेन दोन सांगा. एक रुततेच.

आता खोलीचं. बोटीखाली तो कील असतो, बुडाला खाली निघालेलं जड पातं, पाण्यात साडेसहा फूट. भाऊच्या धक्क्यावरून आलेला मेकॅनिक म्हणाला, खारं पाणी जड, त्यामुळे गोड्या पाण्यात बोट अजून थोडी खालीच बसते. आणि हे धरण आहे हो, पावसाळा सरला की पाणी उतरणारच, ते पिंपरी-चिंचवडला प्यायला जातं, तुमच्या बोटीसाठी नाही अडवलेलं! जानेवारीत जेट्टी पाण्यात, मार्चमध्ये काठावर, मेमध्ये जेट्टीवरून पाण्यापर्यंत चालत पाच मिनिटं. तळाशी काय आहे माहितीय? घरांची जोती, बांध, विहिरी. १९७२ला धरण झालं आणि गावं खाली गेली, ती तिथंच आहेत, उठून कुठे गेली नाहीत. साहेबांचा कील नेमका असल्याच एका जोत्याला अडला आणि पाणी उतरल्यावर बोट कलंडली ती थेट आमच्या काकांच्या गाळपेरावर, म्हणजे पाणी उतरलेल्या गाळात केलेल्या शेतीवर, काकडीच्या वेलांवर. आणि म्हणे ट्रॅक्टरने ओढ. नऊ टनाची बोट! चाकं जागेवर फिरली, चिखल उडाला तो साहेबांच्या पांढऱ्या पँटवर, तेवढंच काय ते समाधान.

शिडं उभारायची हौस? उभारा. चहा निवायच्या आत समोरचा काठ येतो.

बुडाला तो तांबंवाला रंग मात्र मारायचाच. समुद्रात कालवं चिकटू नयेत म्हणून मारतात, त्यात विष असतं. पवनेत कालवं नाहीत, पण विष पाहिजेच ना.

आणि संडासाची टाकी. ती कुठे रिकामी करता, साहेब? नाही, खरंच विचारतोय. काठावर तर काहीच सोय नाही, आणि दिवाळीपासून तुमच्याकडे एवढे पाहुणे आले.

बास झाली मस्करी. माणसं पितात ते पाणी. याच पाण्याच्या पाइपलाइनविरुद्धच्या आंदोलनात ९ ऑगस्ट २०११ला बऊरला पोलिसांचा गोळीबार झाला, मावळातली तीन माणसं गेली. ज्यांच्या जमिनी बुडाल्या त्यातले कितीतरी अजून बदली जमिनीसाठी हेलपाटे घालतायत, आणि तुम्ही त्यांच्या जोत्यावर बोट चढवून “काठावर जरा साफसफाई करून घ्या” म्हणता? लाज वाटत नाही? एवढीच हौस आहे तर अलिबागला न्या, तिथे पाणी आटत नाही.

आणि काकांच्या काकडीचे पैसे द्या. रविवारी येतो म्हणाला होतात. आलात?