एक तास म्हणे!

दोन विमानतळांची नावे टाकली की अंतर आणि वेळ क्षणात सांगणारी संकेतस्थळे चालवणाऱ्यांना एकदा सांगलीच्या एसटी स्टँडवरून भर दुपारी कोल्हापूरच्या विमानतळावर, उजळाईवाडीला धाडले पाहिजे. कोल्हापूर ते मुंबई म्हणे सरळ रेषेत सुमारे ३१० किलोमीटर आणि उड्डाणाचा वेळ एक तास. मुंबई आमच्या वायव्येला असताना आम्ही आधी नैर्ऋत्येला, अंकली, जयसिंगपूर, हातकणंगले करत पन्नासेक किलोमीटर धूळ खात जातो, ते कोणी मोजायचे? तरीही डोंबिवलीचा मेव्हणा फोनवर ऐकवतो, "दाजी, तासाभराचा तर प्रश्न आहे."

परवा तो तासाभराचा प्रश्न दुपारी सुरू झाला आणि रात्री सुटला. विमान सुटायची वेळ टळून गेली, तरी पडद्यावर आमच्या विमानापुढे हिरव्या अक्षरांत 'वेळेवर' असेच झळकत होते. विमानतळावर विमान नाही, धावपट्टीवर एक कुत्रेसुद्धा नाही, आणि तरी आम्ही वेळेवर! खिडकीवरच्या मुलीला विचारले, तर जे विमान यायचे तेच परत जाणार आणि ते अजून मुंबईहूनच निघालेले नाही, हे तिने अशा गोड आवाजात सांगितले, की जणू लग्नाचे निमंत्रणच देत होती. त्यानंतर दर अर्ध्या तासाने वेळ अर्ध्या तासाने पुढे सरकत राहिली. एकदाच काय ते तीन तास सांगून टाकले असते, तर माणूस कोल्हापुरात जाऊन तांबडा-पांढरा तरी ओरपून आला असता.

शेवटी मी तिला हिशेबच मांडून दाखवला. पंख्याच्या विमानाचा वेग ताशी पाचशे किलोमीटर धरला, तर एवढ्या अंतराला चाळीस मिनिटेही लागू नयेत. कंपनी जो तास लावते, त्यात जागेवरून हलल्यापासून मुंबईत जागेवर उभे राहीपर्यंतचे सगळे धरलेले असते, म्हणजे सवलत तुम्ही आधीच घेऊन बसला आहात. माझा आवाज इतका चढला होता, की मागे उभे असलेले एक आजोबा म्हणाले, "साहेब, ती बिचारी कुठं विमान चालवतीया?" रांग हसली. सांगायला लाज वाटते, पण मलाही हसू आले, आणि उरलेला वेळ मी आजोबांच्या डब्यातली भडंग खात काढला.

तेवढ्याने राग गेला असे मात्र नाही. आमच्या सांगलीजवळची कवलापूरची धावपट्टी कित्येक वर्षे नुसती पडून आहे, तिच्यावर प्रत्येक निवडणुकीत भाषणांची विमाने उतरतात. स्वस्त विमानप्रवासाच्या सरकारी 'उडान' योजनेची पहिली फेरी २०१७ साली निघाली, तेव्हा तासाभराच्या प्रवासाला २,५०० रुपये, तेही ठरावीक जागांनाच, असे सांगितले होते; त्या जागा कोणाच्या नशिबी येतात, ते त्यांनाच ठाऊक. मुंबईवर पोहोचल्यावर उतरायला जागा नाही म्हणून आकाशात घातलेल्या घिरट्या वेगळ्या, आणि विमान पुरते थांबण्याआधीच डोक्यावरच्या बॅगा ओढणाऱ्यांना तर पुढच्या खेपेला बाहेरच बांधून न्यावे.

डोंबिवलीत पोहोचलो, तेव्हा जेवणे उरकलेली होती. मेव्हणा दार उघडून विचारतो, "दाजी, विमानाला उशीर झाला का?" परतीचे तिकीट मी महालक्ष्मी एक्स्प्रेसचे काढले, मिरजेपर्यंत.