येऊन राहिलो

शाळेत मराठीचे काळ तीन शिकवतात. नागपुरात चौथा आहे. 'येऊन राहिलो.' पुण्यामुंबईच्या माणसाला वाटतं, हे बोलणारा वाटेत आहे. तो वाटेत नसतो. तो ब्लँकेटमध्ये असतो आणि फोन धरण्यापुरता एक हात त्याने बाहेर काढलेला असतो.

डिसेंबरातल्या एका शनिवारी, सकाळी सहाला, छत्रपती चौकात मेट्रोच्या पुलाखाली किटबॅगवर बसून मी हा चौथा काळ ऐकत होतो. कानटोपी, मफलर, हातात यादी. आमच्या क्लबाचा मी सेक्रेटरी. म्हणजे मॅट मी वाहतो, वर्गणी मी मागतो आणि शिव्याही मीच खातो. रेशीमबागेत रविवारी सकाळी टेनिस बॉलवर खेळणाऱ्या चाळिशीतल्या टोळक्याला क्लब म्हणायचं की नाही, हा वेगळा प्रश्न. पण 'टूर' काढायची, हे बाळूभाऊंनी ठरवलं. बाळूभाऊ कॅप्टन, कारण बॅट त्यांची आहे.

आधी पचमढी ठरली होती. ती घरोघरच्या स्वयंपाकघरात अडली. मग कोणीतरी वर्धा सुचवलं आणि माझी बायको, जिने आजवर मला काटोललाही एकटं सोडलं नाही, ती म्हणाली, "वर्धा? जा न. दोन दिवस राहा चांगले." मला त्या उदारपणाचा अर्थ लागेना. तो मास्तरांनी सांगितला. वर्धा जिल्ह्यात 1974 पासून दारूबंदी आहे. ग्रुपवर ही बातमी पडली आणि सोळा खेळाडूंतल्या दोघांची कंबर त्याच रात्री धरली. एकाची सासू आजारी पडली, एकाचं ऑफिसातलं ऑडिट निघालं, आणखी एकाने कारणसुद्धा दिलं नाही, नुसता हात जोडल्याचा इमोजी टाकला. उरलो अकरा. अकरा हा आकडा क्रिकेटला पुरतो, म्हणून मी खूश होतो.

सव्वासातला दहा जण जमले. अकरावा गोलू. गोलू आमचा विकेटकीपर आणि कीपिंगचे ग्लोव्हज त्याच्या घरी.

"कुठं आहेस बे?"

"येऊन राहिलो न भाऊ, मानेवाड्याला आहो."

मागे कुकरची शिट्टी ऐकू आली. मानेवाड्याच्या चौकात एवढी स्पष्ट शिट्टी ऐकू येत नाही. आठपर्यंत वाट पाहिली, मग ड्रायव्हरने गाडी सुरू केली. सतरा सीटांच्या टेम्पो ट्रॅव्हलरमध्ये आम्ही दहा, बाकी सीटांवर बॅगा आणि आयांनी, बायकांनी दिलेले डबे.

वर्धा रोडने जायचं म्हणजे जामठ्याचं स्टेडियम लागतंच. ते दिसताच बाळूभाऊ उठून उभे राहिले. इथे दोनदा विदर्भाने रणजीची फायनल जिंकली, आधी सौराष्ट्राविरुद्ध आणि मग 2025 मध्ये केरळविरुद्ध. पण बाळूभाऊंचा जीव अडकलाय वसीम जाफरमध्ये. सौराष्ट्राला हरवलं त्या मोसमात चाळिशीतल्या जाफरने हजारावर धावा केल्या. "चाळीस!" बाळूभाऊ आमच्या पोटांकडे बघत म्हणाले, "म्हणजे आपलं वय झालं, असं कोणी म्हणायचं नाही." जाफर त्याआधी पंचवीसेक वर्षं रोज नेटमध्ये जात होता, हे मास्तरांनी पुटपुटलं, पण ते इंजिनाच्या आवाजात गेलं. मी माझी आठवण सांगितली: 2008 मध्ये इथेच गांगुलीची शेवटची टेस्ट झाली आणि शेवटच्या डावात तो पहिल्याच बॉलला शून्यावर गेला. ही गोष्ट मी सहज सांगितली. पुढे ती तिघांनी वापरली.

बुटीबोरीच्या पुढे तर्री पोहे, मग केळझरचा गणपती. केळझर म्हणजे महाभारतातली एकचक्रानगरी असं मानतात, भीमाने बकासुराला मारलं ती. गाडाभर अन्न रोज एका बैठकीत संपवणारा तो राक्षस. पोह्याच्या टपरीवरचं बिल माझ्या खिशात होतं. दहा माणसं, तेवीस प्लेटा, वर चौदा समोसे. बकासुर खरंच मेला का, याबद्दल मला शंका आहे.

दुपारी सेवाग्रामला बापूकुटीत गेलो. गांधीजी 1936 मध्ये इथल्या गावात राहायला आले. मातीच्या भिंती, बसकी दारं, आत जमिनीवर बैठक. आमच्यातला सगळ्यात बडबड्या पिंट्याही तिथे अर्धा तास गप्प होता. बाहेर आल्यावर म्हणाला, "एवढ्या कमी सामानात राहत होते राव." आणि आपली तिसरी बॅग गाडीत चढवायला त्याने मला बोलावलं.

मुक्काम एका मंगल कार्यालयात होता. स्टेजवर आदल्या दिवशीच्या लग्नातली थर्माकोलची बदामं तशीच होती. दहा गाद्या ओळीने टाकल्या आणि रात्री साडेदहाला दारूबंदीचा खरा अर्थ कळला: कोणालाच लवकर झोप येईना आणि जेव्हा आली तेव्हा सगळ्यांना एकदम आली. घोरण्यात सूर असतात म्हणतात. इथे स्पर्धा होती. पहाटे चारला मी गादी उचलून स्टेजवर गेलो आणि दोन बदामांच्या मधोमध, नवरदेवाच्या जागी झोपलो.

रविवारी मॅच नऊला होती. यजमान संघ साडेआठलाच मैदानावर हजर. पांढरे कपडे, मॅट ठोकून तयार. तिथेच माझ्या पोटात गोळा आला. दुसरा गोळा त्यांच्या कॅप्टनने खिशातून बाहेर काढला. लाल, चकचकीत, लेदरचा.

"तुम्ही लेदरवरच खेळता ना?" त्याने अदबीने विचारलं.

"हो न," बाळूभाऊ म्हणाले. माणूस मानापायी काय काय बोलतो.

गोलू नसल्याने कीपिंग डॉक्टरांनी केलं, मोटारसायकलचे थंडीचे हातमोजे घालून. अकरावा माणूस म्हणून आम्ही आमच्या ड्रायव्हरला विचारलं. तिशीचा, सडपातळ, संघात घेण्यासारखा तोच एक होता. तो म्हणाला, "साहेब, माझा गुडघा गेला तर तुम्हाले नागपूरले कोण नेईन?" त्या दिवशी मैदानावर बोललं गेलेलं हे एकमेव शहाणपणाचं वाक्य. मग यजमानांनीच त्यांचा एक पोरगा आम्हाला उसना दिला. सातवी-आठवीतला असेल. त्याला आम्ही मिडऑनला उभं केलं, कारण तिथे कोणी मारत नाही असं बाळूभाऊंचं मत होतं.

सहाव्या ओव्हरला त्यांच्या ओपनरने तिथेच उंच मारला. दोन्हीकडचे सगळे खेळाडू एकदम ओरडले. अर्धे "धर!" आणि अर्धे "सोड!" पोरगा मागे मागे गेला, पडला आणि पडल्यापडल्या कॅच धरला. आमच्या संघाने त्या दिवशी घेतलेला तो एकमेव कॅच. ओपनर पॅव्हेलियनकडे, म्हणजे बाभळीखालच्या खुर्च्यांकडे, निघाला, पोराजवळ थांबला आणि शांतपणे म्हणाला, "घरी चल, मग सांगतो." तो त्याचा सख्खा मामा होता.

बाकी आमच्या फिल्डिंगबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. टेनिस बॉल हाताला लागतो, लेदरचा हाडाला. माझ्या मांडीवर एक बसला. त्यावर शिलाईचे टाके मोजता येतील असा लालभडक शिक्का उठला. बायकोला तो दाखवला तेव्हा ती आधी हसली, मग हळद शोधायला गेली. त्यांनी वीस ओव्हरला 168 केले.

आमचे पहिले तिघे पहिल्याच बॉलला गेले आणि परत येताना तिघंही "गांगुली" म्हणाले. पाचव्या नंबरवर मी गेलो, समोर बाळूभाऊ. मला आयुष्यात पहिल्यांदा लेदरचा बॉल बॅटच्या मधोमध लागला. काय आवाज येतो म्हणून सांगू, खट्ट! हात झिणझिणलेच नाहीत. बॉल मिडविकेटच्या फटीतून निघाला आणि मी ओरडलो, "या बाळूभाऊ, या!"

बाळूभाऊंनी खणखणीत उत्तर दिलं, "येऊन राहिलो!"

मी पळालो. अर्ध्या पिचवर मला ते दिसले. बॅटवर रेलून, एक पाय दुसऱ्यावर टाकून, बॉल कुठे जातोय ते कौतुकाने बघत होते. पंचेचाळीस वर्षं नागपुरात काढलेल्या माणसाने या दोन शब्दांवर विश्वास ठेवायचा नसतो. पण पॅड बांधलेला माणूस हळवा होतो. मी त्यांच्या शेजारी क्रीझमध्ये जाऊन उभा राहिलो. तिकडे कीपरने घाई न करता बेल्स उचलल्या, जशी टेबलावरची चहाची कपबशी उचलावी.

"काऊन पळालास बे?" बाळूभाऊंनी विचारलं.

"तुम्ही येऊन राहिलो म्हणाले न!"

"मग येणारच होतो न."

आम्ही 71 ला ऑल आउट. यजमानांनी जेवू घातलं, वरून प्रत्येकाच्या हातात गोरसपाकचा, म्हणजे वर्ध्याच्या खास बिस्किटांचा, पुडा ठेवला. पाच वाजता गाडीत बसलो तेव्हा पाय उचलून पायरीवर ठेवायला मला डॉक्टरांची मदत लागली आणि डॉक्टरांना मास्तरांची.

केळझरपाशी फोन वाजला. गोलू.

"भाऊ, बुटीबोरी सोडली. येऊन राहिलो."

कोणी काही बोललं नाही. पंधरा-वीस मिनिटांनी समोरून एक मोटारसायकल आली. ड्रायव्हरने गाडी बाजूला घेतली. गोलूने हेल्मेट काढलं, गळ्यात दोरीने बांधलेले कीपिंगचे ग्लोव्हज नीट केले, खिडकीतून आत डोकावला आणि विचारलं, "टॉस झाला का?"