सोनाटा 'जपानी कॉपी' आहे म्हणणाऱ्यांसाठी

गेल्या दोन महिन्यांत एकच मजकूर मला चार वेगवेगळ्या ग्रुपांवर आला. शेवटी तर माझ्याच एका जुन्या सहकाऱ्याने पाठवला, म्हणून हे लिहायला बसलो. मजकुराचा सारांश असा: "ह्युंदाई म्हणजे कोरियन नावाखाली मित्सुबिशी. पोनीपासून सोनाटापर्यंत सगळ्या गाड्या जपानी, फक्त बिल्ला बदललेला. सरकारने पैसा ओतला म्हणून कंपनी उभी राहिली. अमेरिकेत स्वस्त होती म्हणून खपली. आजही इंजिन उघडा, आत जपानच सापडेल."

मी आयुष्यभर भोसरीत क्रँकशाफ्टच्या मशीनिंगचं काम केलं. दुसऱ्याच्या ड्रॉइंगवर काम करता करता स्वतःचं ड्रॉइंग काढायला शिकणं म्हणजे काय, हे मला ठाऊक आहे. त्या शिकण्याला कुणी 'कॉपी' म्हणून मोकळं झालं की मला राग येतो. मजकुरात काही गोष्टी खऱ्या आहेत, त्या मी खऱ्याच म्हणेन. पण एकेक वाक्य घेऊ.

"ह्युंदाई म्हणजे कोरियन नावाखाली मित्सुबिशी."

ह्युंदाई मोटर कंपनी डिसेंबर १९६७ मध्ये स्थापन झाली. तिचा पहिला परदेशी भागीदार मित्सुबिशी नव्हे, फोर्ड होता. संस्थापक चुंग जू-युंग हे आज उत्तर कोरियात असलेल्या एका खेड्यातले शेतकऱ्याचे पोर. गाय विकून आलेले वडिलांचे पैसे घेऊन ते घरातून पळाले, सोलमध्ये तांदळाच्या दुकानात राबले, १९४० मध्ये मोटार दुरुस्तीचं गॅरेज घेतलं, ते जळालं, पुन्हा उभं केलं. पुढे बांधकामात नाव कमावलं. (१९९८ मध्ये, वयाच्या ऐंशीनंतर, याच माणसाने १००१ गुरं ट्रकांत भरून सीमेपार उत्तर कोरियाला दिली. त्या एका गाईची परतफेड म्हणून.)

उल्सान या बंदराच्या गावी १९६८ च्या अखेरीस फोर्ड कॉर्टिनाची जोडणी सुरू झाली. सुटे भाग बाहेरून यायचे, इथे फक्त बोल्ट आवळायचे. कॉर्टिना इंग्लंडच्या डांबरी रस्त्यांसाठी बनलेली. कोरियातले बहुतेक रस्ते तेव्हा कच्चे. गाड्या मोडू लागल्या, टॅक्सीवाले तक्रारी घेऊन येऊ लागले. त्यातून खरा वाद पेटला तो पुढच्या कराराच्या वेळी. फोर्डला ह्युंदाई आपल्या जगभरच्या जाळ्यातला एक जोडणी-कारखाना म्हणून हवी होती, चुंग यांना स्वतःच्या नावाची आणि निर्यात करता येईल अशी गाडी हवी होती. १९७३ मध्ये बोलणी फिसकटली आणि मगच मित्सुबिशीशी तंत्रज्ञानाचा करार झाला.

मित्सुबिशीने नंतर, ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला, ह्युंदाईत हिस्सा घेतला हे खरं. तो सुमारे १० टक्क्यांचा होता. कारभार कायम चुंग कुटुंबाकडेच राहिला आणि मित्सुबिशी पुढे तो हिस्सा विकून बाहेर पडली. एवढ्यावर मालक ठरवायचं असेल तर आपल्याकडच्या अर्ध्या कंपन्यांचे मालक बदलावे लागतील.

"पोनीपासून सोनाटापर्यंत सगळ्या गाड्या जपानी, फक्त बिल्ला बदललेला."

पोनी ही ह्युंदाईची पहिली स्वतःच्या नावाची गाडी. तिचं इंजिन आणि खालचा सांगाडा मित्सुबिशीचा, हे मान्य. पण बिल्ला बदलणं म्हणजे तयार गाडीवर दुसरं नाव चिकटवणं. पोनी तशी झालीच नाही. १९७४ मध्ये ह्युंदाईने ब्रिटिश लेलँड ही मोटार कंपनी सोडलेल्या जॉर्ज टर्नबुल यांना बोलावलं. त्यांनी सोबत काही ब्रिटिश इंजिनिअर आणले. बाहेरचं रूप इटलीच्या जोर्जेत्तो जुजारो यांनी आखलं. ऑक्टोबर १९७४ मध्ये ट्युरिनच्या प्रदर्शनात गाडी मांडली, आणि ती बनवणारा कारखाना तेव्हा उभा राहायचा होता. १९७६ मध्ये पोनी बाजारात आली आणि त्याच वर्षी काही गाड्या इक्वाडोरला रवाना झाल्या. इंजिन जपानचं, आखणी इटलीची, कारखान्याची घडी बसवणारे इंग्लंडचे, आणि हे सगळं एकत्र आणून त्याची जोखीम घेणारी ह्युंदाई. अशी पोनी दुसऱ्या कुणाच्या शोरूममध्ये दुसऱ्या नावाने मिळत नव्हती.

आता सोनाटा. मजकूर ज्याने लिहिला त्याला वाटतं की सोनाटा पहिल्यापासून मित्सुबिशी गॅलंट होती. तसं नाही. १९८५ ची पहिली सोनाटा ही ह्युंदाईच्याच स्टेलरची सजवलेली आवृत्ती. स्टेलरचा खालचा सांगाडा फोर्ड कॉर्टिनाच्या घराण्यातला, मागच्या चाकांवर चालणारा. म्हणजे पहिल्या सोनाटाचं निम्मं रक्त ब्रिटिश फोर्डचं होतं. इंजिन मात्र मित्सुबिशीचं.

या पहिल्या सोनाटाची एक गोष्ट मला फार आवडते. कोरियन भाषेत 'सो' म्हणजे गाय आणि 'ता' म्हणजे गाडीत बसणं, त्यामुळे त्या नावाचा उच्चार 'गाईगुरांनीच बसावं अशी गाडी' असा लागायचा. लोक टिंगल करू लागले. कोरियन लिपीत 'स' ची खूण जोडून दोनदा लिहिली की उच्चार कडक होतो आणि गाय निघून जाते. कंपनीने तेच केलं, नावातला एक 'स' दुहेरी केला. आजही कोरियात ते नाव तसंच, दुहेरी 'स' ने लिहितात. गाईच्या पैशांवर घर सोडलेल्या माणसाच्या कंपनीवर गाईवरूनच ही वेळ यावी! पहिली सोनाटा काही फारशी खपली नाही.

१९८८ ची दुसरी सोनाटा पुढच्या चाकांवर चालणारी होती आणि तिचा पाया गॅलंटचा होता. मजकूर खरा ठरतो तो इथे. बाहेरचं रूप इथेही जुजारो यांचंच. पण याच काळात एक उलटी गोष्टही घडत होती, तिचा उल्लेख मजकुरात नाही. ह्युंदाईची छोटी एक्सेल अमेरिकेत 'मित्सुबिशी प्रेसिस' या नावाने विकली जात होती. कोरियात बनलेल्या गाडीवर जपानी बिल्ला! बिल्ला बदलल्याचंच बोलायचं असेल तर ही गोष्ट आधी सांगायला हवी.

ग्रुपवर कुणीतरी याच्या पुढे जाऊन लिहिलं की "कोरियात सोनाटाला टॅक्सीवाल्यांशिवाय कुणी विचारत नाही." टॅक्सी म्हणून ती भरपूर धावली, हो. पण १९९६ मध्ये सोनाटा तीन आली तेव्हा परीक्षेला बसणारी शाळकरी मुलं रस्त्यावरच्या गाड्यांचे बिल्ले उचकटून न्यायला लागली. 'एस' हे सोल राष्ट्रीय विद्यापीठाचं आद्याक्षर, आणि रोमन तीनच्या तीन काड्या म्हणजे प्रवेश परीक्षेत ३०० गुण. ज्या गाडीचं अक्षर पोरं नशीब म्हणून खिशात घालतात, तिला कुणी विचारत नाही असं कसं म्हणणार?

"सरकारने पैसा ओतला म्हणून कंपनी उभी राहिली."

हे वाक्य निम्मं खरं आहे, आणि या निम्म्याकडे डोळेझाक करणाऱ्या ह्युंदाईप्रेमींशीही माझं पटत नाही. राष्ट्राध्यक्ष पार्क चुंग-ही यांच्या सरकारने सत्तरच्या दशकात मोटार उद्योगाला कर्जं दिली आणि बाहेरच्या गाड्यांना दार बंद ठेवलं. जपानी गाड्यांवरची आयातबंदी तर १९९९ पर्यंत उठली नव्हती. घरचं मैदान मोकळं होतं. ते मोकळं ठेवल्याची किंमत कोरियन ग्राहकाने मोजली.

पण सरकारच १९८० मध्ये, सत्ता बदलल्यावर, ह्युंदाईच्या मुळावर उठलं होतं. लष्करी राजवटीने ठरवलं की मोटार कंपन्या जास्त झाल्या, एकत्र करा. चुंग यांना सांगण्यात आलं, मोटारी ठेवा किंवा वीजयंत्रांचा धंदा ठेवा. त्यांनी मोटारी निवडल्या. मग जनरल मोटर्सची भागीदारी असलेल्या कंपनीत विलीन होण्याची वाटाघाट सुरू झाली. तिथे व्यवस्थापन सोडायची वेळ आली तेव्हा चुंग अडून बसले आणि विलीनीकरण झालंच नाही. त्याआधी १९७७ मध्ये अमेरिकेच्या राजदूतांनी, स्वतःची गाडी बनवायचा नाद सोडा, अमेरिकी गाड्यांची जोडणी करा, असा आग्रह धरल्याचं चुंग यांनी आपल्या आठवणींत लिहिलं आहे. तेव्हाही त्यांनी नकारच दिला. मदत मिळाली आणि दडपणही आलं. मजकुरात फक्त मदत आहे.

"अमेरिकेत स्वस्त होती म्हणून खपली."

१९८६ बद्दल हे अगदी बरोबर. एक्सेल ४,९९५ डॉलरला आली आणि पहिल्याच वर्षी १ लाख ६८ हजारांच्या वर विकली गेली. पुढच्या दोन-तीन वर्षांत त्या गाड्या गंजू लागल्या, बंद पडू लागल्या आणि नाव पार धुळीला मिळालं. कॅनडात क्वेबेकच्या ब्रोमाँला सोनाटासाठी कारखाना काढला, तो १९८९ ते १९९३ एवढाच चालला. १९९८ मध्ये अमेरिकेतली वार्षिक विक्री लाखाच्याही खाली गेली होती. नुसत्या स्वस्तपणावर खपायचं असतं तर हे झालंच नसतं.

विक्री फिरली ती वेगळ्या कारणाने. इंजिन आणि गिअरबॉक्सवर १० वर्षं किंवा १ लाख मैलांची हमी दिली. अशी हमी दिली की मालातला प्रत्येक दोष कंपनीच्याच खिशातून जातो, म्हणून दोष मुळात शोधावेच लागतात. १९९९ पासून संस्थापकांचे चिरंजीव चुंग मोंग-कू यांनी कारखान्यांत गुणवत्तेचा धोशा लावला. २००४ मध्ये जे. डी. पॉवर या अमेरिकी संस्थेच्या नव्या गाड्यांच्या गुणवत्ता पाहणीत ह्युंदाईचं नाव टोयोटाच्या वर होतं. २००५ मध्ये अलाबामातल्या माँटगोमेरीला कारखाना सुरू झाला, आणि तिथून बाहेर पडलेली पहिली गाडी सोनाटाच होती.

"आजही इंजिन उघडा, आत जपानच सापडेल."

२००१ साली भारतात आलेल्या चार सिलिंडरच्या सोनाटाचं बॉनेट उघडलं असतं तर हे बऱ्यापैकी खरं निघालं असतं. तिच्या इंजिनाचं मूळ मित्सुबिशीचंच होतं. पण 'आजही' हा शब्द साफ चुकीचा आहे.

मित्सुबिशी आपल्या नव्या इंजिनाचं तंत्र द्यायला तयार नव्हती, म्हणून १९८४ मध्ये ह्युंदाईने सोलजवळ माबुक-री इथे स्वतःची संशोधन संस्था काढली. जनरल मोटर्समधून ली ह्यून-सून या इंजिनिअरला आणलं. इंग्लंडच्या रिकार्डो कंपनीची मदत घेतली. ली यांनी पुढे सांगितलं आहे की मित्सुबिशीच्या प्रमुखांनी, हे संशोधन थांबवा, रॉयल्टी निम्मी करतो, असं सुचवलं होतं. समोरचा स्वतःहून दर पाडायला लागला की ली यांच्या कामात दम आहे, हे चुंग यांना कळलंच असणार. पहिली इंजिनं चाचणीच्या बाकावर फुटत गेली. तीनशेच्या वर चाचणी-इंजिनं बनवावी लागली. १९९१ मध्ये अल्फा इंजिन बाहेर आलं, ह्युंदाईचं पहिलं स्वतःचं. ते छोट्या गाड्यांसाठी होतं. १९९८ च्या सोनाटात स्वतःचं सहा सिलिंडरचं व्ही-सिक्स आलं, आणि २००४ च्या सोनाटात थीटा हे चार सिलिंडरचं.

थीटाचं पुढे काय झालं ते वाचा. २००२ मध्ये डाइमलर-क्रायस्लर, मित्सुबिशी आणि ह्युंदाई यांनी मिळून एक सामाईक इंजिन बनवायची कंपनी काढली. त्या इंजिनाची मूळ रचना ह्युंदाईची घेतली. सिलिंडर हेड आणि ट्युनिंग प्रत्येकाने आपापलं केलं, पण पाया थीटाचा. मित्सुबिशीच्या लॅन्सर इव्होल्यूशन टेनचं इंजिन त्याच घराण्यातलं. रॉयल्टी आता ह्युंदाईकडे येत होती.

याच घराण्याच्या पुढच्या इंजिनाने, थीटा दोनने, कंपनीला सगळ्यात मोठा फटका दिला, आणि तोही सांगायला हवा. क्रँकशाफ्टला आतून तेलाची छिद्रं असतात. ती पाडताना कडेला धातूची बारीक बर, म्हणजे खरबरीत कडा, राहते, ती काढून छिद्र धुऊन घ्यावं लागतं. आम्ही प्रत्येक छिद्रात टॉर्च मारून बघायचो, मग कापसाची काडी फिरवायचो, काडीवर चमचम दिसली की शाफ्ट परत धुवायला. अलाबामाच्या कारखान्यात हे धुणं कमी पडलं. धातूचा कीस तेलाच्या वाटेत अडकायचा, कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगला तेल मिळायचं नाही, आणि इंजिन चालत्या गाडीत बंद पडायचं. सप्टेंबर २०१५ मध्ये अमेरिकेत सुमारे ४ लाख ७० हजार सोनाटा परत बोलवाव्या लागल्या.

परत बोलावलेल्या गाड्या पुरेशा नाहीत, कंपनी माहिती दडवते आहे, हे अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा खात्याला २०१६ मध्ये जाऊन सांगणारा माणूस ह्युंदाईचाच होता. किम ग्वांग-हो, पंचवीस वर्षांहून जास्त नोकरी केलेले इंजिनिअर. त्यांची नोकरी गेली. २०१७ मध्ये आणखी गाड्या परत बोलावल्या, २०२० मध्ये ह्युंदाईवर १४ कोटी आणि तिच्याच गटातल्या किआवर ७ कोटी डॉलरची दंडाची बांधिलकी आली, आणि २०२१ मध्ये किम यांना २ कोटी ४० लाख डॉलरहून अधिक बक्षीस मिळालं. त्या इंजिनाचं ड्रॉइंग ह्युंदाईचं, मशीनिंग ह्युंदाईचं, चूक ह्युंदाईची, आणि ती उघड करणारा माणूसही ह्युंदाईचाच होता.